फुजैरा, वॉर्ड सहा

रात्रपाळीत लेफ्तेरिस झोपत नाही.
टँकरच्या जिन्यावरून पडलेला ग्रीक इंजिनियर,
मांडीत सळई.
खिडकीबाहेर नांगरलेली जहाजं,
दिव्यांचं गाव, ज्याला रस्ता नाही.
आमचीही अशीच खोळंबली होती एकदा, तो म्हणतो,
वारा पडला म्हणून.
मग राजानं काय केलं माहितेय, सिस्टर?
पोरीला लग्नाचं सांगून बोलावलं
आणि वाऱ्याला दिली.

मी त्याचं बीपी लिहून घेते. एकशे चाळीस, नव्वद.
आला का वारा?
आला, म्हणतो. वारा काय, येतोच.

आमच्या घरात राजा नव्हता.
थोरला मुस्तकीमभाई होता, आणि इद्रीस.
कल्बाच्या रस्त्यावर दोघांचं गॅरेज,
पाटीवर दोघांची नावं, अरबी अक्षरं
एकमेकांचा हात धरून.
चेकवर सही भाईची. आकडा इद्रीसनं घातला
आणि निघून गेला.
भाई अकरा महिने आत.
बाहेर आला तो पांढरी दाढी घेऊन
आणि एकच वाक्य:
त्यो आमचा नाय.

मार्चमध्ये इद्रीस सापडला, डिब्ब्याच्या लेबर कॅम्पात.
झोपेत गेला म्हणाले.
किंवा झोपलाय समजून कुणी उठवलं नसेल.
शवागारात नववा खण.
भावाची सही आणा, कारकून म्हणाला.
भाई फोनवर म्हणाला, कुणी जायचं नाही.
बेवारस म्हणून पुरू देत.
जी जाईल ती मला मेली.
बाणकोटहून नुसरतचा व्हॉइस मेसेज:
आपा, मला यात ओढू नको, मला सासर आहे.
मागे मिक्सर चालू.

मी गेले. धीट म्हणून नव्हे.
पाळी संपली होती आणि बस मिळाली.
सही माझी चालवून घेतली कारकुनानं,
त्यालाही खण रिकामा हवा होता.

फाटकाशी रखवालदार: बायका आत नाहीत.
बरं.
भिंतीबाहेरची माती उचलली,
तांदूळ निवडावे तसे खडे निवडले
आणि कबर खोदणाऱ्या सिल्हेटच्या पोऱ्याच्या
ओंजळीत घातली.
तो आत गेला. परत आला, ओंजळ पुढे केली.
तीनदा.
मूठमाती, किती सहज म्हणतो आपण,
जुन्या भांडणांना, वैराला.
मुठीत किती थोडं मावतं
आणि तेही वाटेत सांडतं.

लेफ्तेरिस सळईसकट उठून बसायला बघतो.
ही तर आमची गोष्ट!
बहीण, हुकूम, भावावर माती.
तिला जिवंत कोंडली गुहेत.
तिचं नाव सांगतो, माझ्या जिभेवर ते बसत नाही.
त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी काहीतरी चमकतं,
मला ते नको असतं.

मी विचारते, त्या गोष्टीत आणखी एक बाई आहे का?
ईदच्या दिवशी, हातात शिरखुर्म्याची वाटी,
थोरल्याची पांढरी दाढी बघून
जिनं धाकट्याचा पत्ता सांगून टाकला?
कुणी मागितला नव्हता.
मग धाकट्यानं खोली बदलली, नाव बदललं.
छातीत दुखत असून दवाखान्यात आला नाही,
कारण दवाखान्यात ती होती.

लेफ्तेरिस बराच वेळ आठवतो.
म्हातारे होते, बघत उभे. एक पहारेकरी होता.
अशी कुणी नाही, म्हणतो.
असली तर मी विसरलो.

मी सलाइनचा वेग कमी करते.
बाहेर दिव्यांच्या ओळीत
एक जागा काळी झालीय.
कुणीतरी नांगर उचलला.
झाडाचं पान हलत नाही,
पण त्यांना आता वारा लागत नाही.